शरयूबाईच्या हाताखाली

नाही हो जनकाबाई, टायपिंग नाही, तिसऱ्या खेपेले तेच म्हणून राह्यल्या तुम्ही. टायपिंगवाली पोरगी दुसऱ्यानं लिहिलेलं छापते. आमची स्नेहलता स्वतः लिहिते, अन् तिनं लिहिलं तसं ते मशीन वागते — काम्प्युटर म्हणतात त्याले. पुण्याले, मोठ्या कारखान्यात. अख्खी खोली भरून मशीन, आत थंड हवा, चपला बाहेर काढून जायचं, देवळात गेल्यावाणी. मी पाह्यलं नाही, हे पाहून आले. टेका न भिंतीले, माणसं मळ्यातून इतक्यात येत नाहीत. आमचे हे पाहुण्याले एकेक वांग्याचं झाड दाखवल्याबिगर सोडत नाहीत, अन् तुमचे वैजनाथराव भाचे असून तुमच्यावाणीच ऐकून घेणारे दिसतात. पोरगी शनवारी येते, तेव्हा पाहून घेसान. नोकरी? सोडीन न पोरगी. लग्न झालं की सोडीन. पोरीच्या जातीले नोकरी म्हणजे काय, वेळ घालवायचा.

आता वेळ घालवायचा म्हटलं, तर तसंही नाही म्हणा. लई कष्टानं शिकली. अकोल्याले मामाकडं राहून बी.एस्सी. झाली, गणितात पहिली, मंग पेपरात जाहिरात पाहून पुण्याले परीक्षा दिली. अठ्ठ्याहत्तर साली लागली. वाटलं, झालं, आली हुशार पोरगी. कशाची हुशार? तिसऱ्या महिन्यात तिनं असा घोळ केला — कारखान्यातल्या साऱ्या लोकांची नावं छापायची होती. मशीन सुरू झालं, पहिलं नाव इंद्रभान. दुसरं इंद्रभान. तिसरं इंद्रभान. पेटीभर कागद संपला, एकटा इंद्रभान. एक नाव झालं की पुढच्यावर जा, हे लिहायचंच राहून गेलं होतं, अन् मशीनले कुठी अक्कल असते, सांगतलं तेवढंच करते. सारे हसले. आधीच ही ‘मले-तुले’ बोलते म्हणून हसत, त्यात हे. चार दिवस जेवली नाही. पत्र आलं — आई, मले परत यायचं आहे.

आली का? नाही. शरयूबाई होत्या न तिथं. पन्नाशी उलटलेल्या, चष्मा, बोलणं मोजकं, पक्क्या पुण्याच्या. त्यांनी काय केलं — रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. तो सारा कागद घडी करून हिच्यासमोर ठेवला अन् म्हणाल्या, “मागची बाजू कोरी आहे, यावर लिहीत जा. अन् महिनाभर मशीनकडे जायचं नाही. आधी तू मशीन हो. एकेक ओळ वाच, लिहिलंय तेवढंच कर, मनाचं काही भरू नकोस.” रोज हापीस सुटल्यावर तासभर घेऊन बसत. चूक कुठी आहे ते सांगत नसत. “या पानावर आहे, शोध.” मंग शेजारी बसून आपलं काम करत. अन् सर्वात मोठी गोष्ट सांगू? आपल्या जुन्या वह्या तिले दिल्या — स्वतःच्या चुकांसकट, लाल पेन्शिलीनं खुणा केलेल्या. म्हणाल्या, माझं बरोबर काय आहे ते कोणीही सांगेल, मी कुठे चुकले ते वाच. आपल्या चुका कोण दाखवते हो? आपण तर करपलेली भाकर सासूपासून लपवली.

हसता काय, मीही मशीन झाली एक खेप. दिवाळीत आली ती कागद घेऊन, डोकं धरून बसली. म्हटलं, काय झालं? तर म्हणे, काहीतरी चुकते अन् सापडत नाही. मंग तिनं ओट्यावर आठ वाट्या मांडल्या, कमी-जास्त वालाचे दाणे टाकले. तिनं ओळ वाचायची, मी करायचं. या वाटीत पुढच्या वाटीपेक्षा जास्त दाणे असतील तर अदलाबदल कर. केली. पुढं सरक. सरकली. असं करत आठव्या वाटीपाशी आली, तरी ही म्हणते, पुढच्या वाटीशी ताडून पाहा. म्हटलं, बाई, पुढं वाटी कुठी आहे, पुढं तर चूल आहे. तशी चटकन उठली अन् कागदावर एक आकडा खोडला. सातव्या वाटीपाशीच थांबायचं होतं म्हणे. मी चौथी पास, जनकाबाई, अन् काम्प्युटरची चूक मले सापडली.

आता शरयूबाई रिटायर झाल्या. जाताना दोन नव्या पोरी हिच्या हाती देऊन गेल्या. एक तर पैठणकडची, बोलायले लाजते. परवाच्या पत्रात होतं — आई, तिनं चार दिवसांनी आपली चूक आपण शोधली, अन् मले लई मुश्किलीनं गप बसता आलं. वर्षभर तरी त्या पोरींले सोडून कशी...

काय म्हटलं? हाव, मघा मीच म्हटलं सोडीन म्हणून. हे मळ्यात जाताना तसं बोलायले सांगून गेले. नाही, तुमचं खरं आहे, तुमच्या जळगाव जामोदले काम्प्युटर कुठी असणार. वैजनाथराव तहसिलीतली नोकरी सोडून पुण्याले जातील का? विचारलं फक्त. मीही काऊन विचारलं असं?

एक सांगते, यांनाही ठाऊक नाही. तिचं ते पत्र आलं न, परत यायचं म्हणून — मी उलट टपाली लिहिलं होतं, ये बाई, इथं तुले कोणी हसत नाही. मी आई. अन् थांबवलं कोणी, तर परक्या बाईनं. शरयूबाईनं माह्यं पत्र वाचलं अन् पोरीले म्हणाल्या, आईचं प्रेम आहे, जपून ठेव, पण जाऊ नकोस. पुन्हा तसं पत्र माह्या हातून लिहिणं होत नाही, जनकाबाई. भाचा गुणाचा आहे तुमचा, त्याले चांगली पोरगी भेटीन.

नाही, रागावली नाही. माणसं आली वाटते. यांच्याशी मी बोलते, तुम्ही काही बोलू नका. खामगावची गाडी साडेचारले लागते, तिथून जळगावची भेटीन. पदर घ्या सावरून, उठा.