हेमलाचा काठ

सकाळचे सव्वाआठ वाजले होते, पेंटरभाऊ, तवापासून सुरू झालं हे सारं — पाटीनं माहं काय बिघडलं म्हणून विचारलं न तुमी? मंग आयका, पण तो बुरूस आधी खाली ठेवा. या एका पाटीसाठी वाशीमाहून आले! लिहा, बाबूसिंगनगर लिहा, चांगल्या मोठ्या अक्षरानं लिहा. आमच्यात जो पयले येऊन चूल मांडते त्याच्या नावानं वस्ती होते. जुना तांडा माह्या आजेसासऱ्याच्या नावाचा, तो गेला धरणाच्या पाण्यात. मंग या काठावर पयले कोण आलं? बाबूसिंग? तो आला दोन वर्सानं, तोवर किन्हीराजात भाड्याच्या खोलीत पंख्याखाली बसला होता. पयली चूल माही! सव्वाआठले पेटवली, इंधन वल्लं, नुसता धूर — अन् डोळे पुसून पाहतो तं हेमला नाही. माही पोरगी. तीन वर्साची.

ए बादल, इकडे! — काय पाहून राह्यले, भाऊ? माहा धाकटा पोरगा हाये, बांधूनच राह्यते तो माह्या कमरेले, जुन्या लुगड्याच्या पट्टीनं. बाया हासतात. हासू द्या.

हाका मारल्या म्या. दिवसभर. पोरगी पाण्यातून काढली, मातीत ठेवली, तरी दुसऱ्या दिवशी हाका सुरूच — तोंड थांबेच ना. पल्याडचे मासे धरणारे आयकत होते. मंग तेच म्हणू लागले, आज जाळं हेमलाच्या काठाले टाकू. मंग यस्टीचा कंडक्टरबी — 'चला, हेमलाचा काठ, उतरा!' मले सहन होये ना. एक फाटा आधीच उतरून पायी येत होती मी. सासूले, धनीबाईले, म्हणलंबी — बंद करा हे नाव. अन् आता ग्रामसभेत बाबूसिंगच्या नावाले टाळ्या वाजवून हे बंद केलं, तं जीव थाऱ्यावर नाही. पोरीचा एक फोटो नाही, भाऊ. नाव तेवढं होतं, तेबी लोकाइच्या तोंडात.

काय म्हणता? खाली बारीक अक्षरात लिहू? नोको. उपकार नोको. बाबूसिंग लगेच पुसाले लावीन, अन् ते पुसलेलं मले रोज पाहा लागीन.

करा तुमी तुमचं काम. रंग वाळला का निघा. फक्त यस्टीत बसले का कंडक्टरले सांगजा — पाटीवर काहीबी असो, तू हाक तेच मार. मोठ्यानं मार.