नवतप्यात ग्लॅडिओलस

...अन् तेही नवतप्यात, मे सरताना सूर्य नऊ दिवस आग ओकते ना, त्या नवतप्यात! नाई, तुमीच सांगा, नवतप्यात माणूस काय लावते? कूलर लावते! फार तं फार दाराले खसची, वाळ्याची टाटी लावते! आमच्या सुखराम भाऊजीनं काय लावलं? ग्लॅडिओलस! थे लांब दांडीचं फूल नाई का, लग्नाच्या स्टेजवर रायते, थेच! त्याचे कंद असतात, गोल गोल, अन् लावाचे असतात दसरा-दिवाळीच्या थंडीत, हे भिलाईतल्या बकरीलेही माहीत आहे. पण भाऊजीले कोण सांगन?

माणूस वाईट नाई, बरं का. माह्या सिंधुताईचा नवरा. मूळचा भंडाऱ्याकडचा, शेतकऱ्याचा पोरगा, अन् सारा जनम गेला भिलाईच्या स्टील प्लांटमंदी भट्टीसमोर. आज फर्स्ट शिफ्ट, उद्या नाईट... क्वार्टरसमोर एवढी मोठी जागा, तिथं कधी साधा झेंडू नाई फुलला! झोपावं का झाडं लावावं? लोकायच्या बागा सायकलवरून पाहत पाहत रिटायरमेंट आली. जूनमंदी रिटायर, ऑगस्टात क्वार्टरची चाबी वापस. तं एक दिवस ताईले म्हणतात, "सिंधू, या दारात एक फूल पाहीन, मंगच चाबी देईन." मी तिथंच चहा पिऊन राहिलो होतो, माह्या गळ्यात बिस्कुट अटकलं!

बरं, मंग मोगरा आण ना बाबा! फुललेला भेटते, कुंडीसकट! नाई! गुंजनच्या, म्हणजे त्यायच्या पोरीच्या, लग्नात स्टेजवर ग्लॅडिओलस होते, अन् डेकोरेशनवाल्यानं पोरीच्या बिदाईच्या आधीच थे उचलून नेले. तवापासून मनात बसलं. आता मनात बसलेलं काढाले भाऊजीले कोण सांगन?

गेलो नर्सरीत. नर्सरीवाला म्हणते, "काका, अभी टाइम नहीं है, अक्टूबर में आना." तं भाऊजी कसे, एकदम गंभीर होऊन, "अक्टूबर तक मैं यहाँ नहीं रहूँगा, बेटा." अरे देवा! त्या बिचाऱ्याच्या हातातला पाइपच सुटला! "ऐसा मत बोलो काका... डॉक्टर क्या बोले?" अंदर गेला, थैलीभर कंद आणले, पैसे घेईना, वरून भाऊजीचे पाय धरले! मी हळूच म्हटलं, "अहो, सांगा ना त्याले, क्वार्टर सोडून राहिले म्हणून, जग नाई!" तं म्हणतात, "थो एवढ्या प्रेमानं देऊन राहिला, त्याचा मूड कावून खराब करू?"

अन् भाऊजीचा हिशोब कसा? मेमंदी लावाचे, तीन महिन्यांत फूल, ऑगस्टात चाबी. हिशोब एकदम बरोबर! फक्त सूर्याले कोणी कळवलं नव्हतं. माती अशी तापली का हात लावाची सोय नाई. अन् इथंच मी फसलो, कावून का भिलाईतच, सुपेल्यात, माह्यं कूलर रिपेरिंगचं दुकान आहे. मेमंदी कूलरवाल्याले मरायले फुरसत नसते, अन् फोन आला.

"नरेश, एक कूलर पायजे."

"कोण्या रूमले?"

"वाफ्याले."

वाफ्याले!! दिला. काय करता, बहिणीचा नवरा! माह्याजवळ होता एकच तयार, थोही तुळसाबाईचा, रिपेरिंगले आलेला. दोन दिवसांनी थे बाई दुकानात, "मोर कूलर कहाँ हे?" मी म्हटलं, टेस्टिंगले गेला. तिले काय पटते! पत्ता काढत क्वार्टरवर पोचली, तं पाहते काय, कूलर मस्त घुर्रघुर्र चालू, अन् समोर माणूस नाई, काई नाई, नुसती माती! "ए ददा गा! माटी ला घलो गरमी लागथे का?" मातीलेही गरमी लागते का, म्हणते! मले वाटलं, आता फेकून मारते. तं थे बाई पदर सावरून कूलरसमोर बसली. ताईनं पन्हं दिलं. संध्याकाळपर्यंत उठली नाई!

त्यात भाऊजीनं शिफ्टा लावल्या. सकाळी पाणी शिंपडाले ताई, दुपारी कूलरची टाकी भराले मी, रात्री राखणीले स्वतः! ताई म्हणे, "मी घामानं भिजून राहिली अन् यायचे कंद हवा खाऊन राहिले!" बरोबरच आहे तिचं. पण भाऊजीले कोण सांगन?

ऑगस्ट आला. कोंब? नाव घेऊ नका! चाबी घ्याले नवीन जोडपं आलं, पार्थ अन् मीनल, रायपूरकडचे, लेकरंच म्हणा ना. भाऊजीनं पंखे दाखवले, नळ दाखवला, अन् मंग त्या रिकाम्या वाफ्याजवळ उभे राहिले. "इथं कंद आहेत. झोपून आहेत. पाणी जास्त देऊ नका." पोट्टे एकमेकायकडे पाहून राहिले. दुर्गच्या नव्या फ्लॅटपर्यंत भाऊजी मागं वळून वळून पाहत राहिले. तुमाले खरं सांगतो, इतके दिवस हसलो मी, पण त्या दिवशी लई वाईट वाटलं.

अन् मंग थंडीत पार्थचा फोन! "काका, लवकर या, फुलं... पूरा लाइन से आया है!" माह्या गाडीवर मागं बसले भाऊजी, कानटोपी उलटी घातलेली! पाहतो तं काय, लालभडक दांड्या दारासमोर उभ्या! भाऊजीनं डोळे पुसले, मंग फाटकावरून हात फिरवला. मीनल म्हणते, "काका, आम्हाला यातलं काहीच कळत नाही, तुम्हीच रोज येऊन बघत जा ना!"

रोज! बोलून गेली बिचारी. पण भाऊजीनं बाह्या तिथंच वर केल्या. अन् डॉक्टरनं मोतीबिंदूपायी त्यायले गाडी चालवाले मनाई केली आहे, हे त्या पोरीले काय माहीत? आता रोज सकाळी, या कडाक्याच्या थंडीत, दुर्ग ते भिलाई, भाऊजी मागं मजेत गाणं म्हणत, अन् समोर कानाले मफलर बांधून मी... रिटायर थे झाले अन् ड्यूटीवर लागलो मी!