आईसाठी बांधलेला हौद

आमच्या मुखेडच्या घरामागं पोहायचा हौद हाय, पण त्यात पोहत कुणीच न्हाई, सांगतो कसं ते. आईचे गुडघे गेले तवा नांदेडचे डॉक्टर म्हणाले, "यांना रोज छातीभर पाण्यात चालवा." घरी येताच आई म्हणाली, "परसात खड्डा घ्या."

हातभर खणलं तोच काळा खडक लागला. शंकर मिस्त्री म्हणाले, "अक्का, खाली जाताच येत न्हाई."

"मग वर बांधा," आई म्हणाली.

महिन्याभरात निळ्या फरशीचा हौद उभा राहिला. मिस्त्रींनी बाहेरून पाच सुबक पायऱ्या केल्या आणि मोठ्या हौसेनं आईला बोलावलं. आईनं काठी टेकून पायऱ्यांकडं पाहिलं.

"मिस्त्री, मला पायऱ्या चढता आल्या असत्या तर हौद कशाला लागला असता?"

पायऱ्या फोडून आत-बाहेर उतार बांधून, धरायला कडेनं पाईप लावून होईस्तोवर आई रोज तिथंच खुर्ची टाकून बसली. मग एका सकाळी पाईप धरून एकटीच वर चढली, आत उतरली. पाणी छातीला लागलं. मी घाबरून हात पुढं केला.

"बाजूला सर," आई म्हणाली, "दिसत न्हाई का, मी चालून राहिले!"