भाड्याचा हार

—हलू नका ताई, हूक जरा वाकडा झालाय... हं, बसला. बघा आरशात. कोण म्हणेल खोटा? आणि भाड्याचा आहे हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडायचं नाही, आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाची अब्रू आधी— अहो, फोन कशाला काढताय? ठेवा तो. इथे फोटो नाही काढायचा. का म्हणजे? तुमच्यासारखीच एक होती, हाच हार— म्हणजे असाच— घालून व्हिडिओ टाकायची. नवरा साधा ड्रायव्हर, आणि ही म्हणे, 'आमच्याकडे असे पाच आहेत.' लोक वाहवा करायचे, हिला आणखी चेव यायचा.

मग भरदुपारी दोन चोर तिच्या घरात शिरले. कानातलं फिरकी न काढताच ओढलं, पाळी फाटून दोन तुकडे. ही ओरडतेय, खोटं आहे हो, भाड्याचं आहे— कोण ऐकतंय? बाकीचे चार कुठेत, तिजोरी कुठेय? नवऱ्याचा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. परत विचारलं. परत लावलं. तिजोरी असती तर दिली नसती का बिचाऱ्याने? शेवटी डोक्यात कुकर घातला. आता तो बायकोलाही ओळखत नाही. आणि जाताना एकाला सुचलं, हार सुरीने खरवडून बघावा. आत पितळ. तिथेच फेकला.

मला कसं माहीत? दवाखान्यात गेले होते ना मी, हार परत मागायला— असं बघू नका, माल माझा होता. तिच्या कानाला हे एवढं बँडेज. म्हणाली, 'ते म्हणत होते, दुकानात विचारून आलोय, खोटं बोलू नकोस.' आता मी काय करणार? चांगल्या कपड्यातली माणसं, व्हिडिओ दाखवून म्हणाली, बहिणीला असाच हवाय, तुमच्याकडचाच का? मी म्हटलं, छे, आमच्याकडे कुठला, हा तर खरा दिसतोय. अब्रू राखली मी तिची. राखायलाच हवी होती ना? मग?

हो, हाच तो. ब्रशने घासलाय, खाचेत थोडं काळं राहिलंय, लांबून दिसत नाही.

तर आता तुम्हीच सांगून ठेवा ताई. उद्या तुमचा फोटो दाखवत कोणी आलं, तर काय सांगू? भाड्याचा?

...नको?

खरा म्हणून सांगू?

तेही नको? मग मान इकडे करा. हूक काढते. दुकान बंद झालंय.