भिंतीवर टांगलेली सायकल

गिऱ्हाईक : म्हणजे तुमचं म्हणणं असं, की भिंतीवर टांगलेली सायकल टांगल्या टांगल्या झिजते.

मेकॅनिक : झिजते ना साहेब. हवा दमट असते. धूळ असते.

गिऱ्हाईक : दादाच्या घरात, मागच्या खोलीत, चादरीखाली?

मेकॅनिक : चादरीची पण धूळ असतेच की.

गिऱ्हाईक : अहो, दोन वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी परगावी गेलो, तेव्हा ही नवी करकरीत होती. आता बघा. पुढचा ब्रेक दाबतो आणि हँडल मागेपुढे करतो. ऐकलंत?

मेकॅनिक : काय?

गिऱ्हाईक : टक टक. धक्के झेलणारा हा पुढचा फोर्क आतून खिळखिळा झालाय.

मेकॅनिक : शॉकअप जरा सैल वाटतोय खरा.

गिऱ्हाईक : जरा? फोर्कच्या या नळीवरून मागच्या बाजूने बोट फिरवा. सोनेरी मुलामा गेलाय, आतलं पांढरं दिसतंय. दगडधोंड्यांतून उतरल्याशिवाय एवढं घासत नाही.

मेकॅनिक : उंदीर असतील.

गिऱ्हाईक : उंदीर.

मेकॅनिक : हल्ली फार माजलेत.

गिऱ्हाईक : आणि त्याच उंदरांनी चेनला तेल घातलं, टायर बदलले? संध्याकाळी माझा जुना मित्र येणार आहे ही विकत घ्यायला. शब्द देऊन बसलोय त्याला. त्याला काय सांगू, उंदीर चालवत होते?

मेकॅनिक : साहेब, चहा मागवू?

गिऱ्हाईक : चहा नको, फोर्कचा पंप द्या. हं. हा बघा काटा. चालवणाऱ्याचं जेवढं वजन, त्या मानाने यात हवा भरायची. माझ्या वजनाला लागते त्याच्या जेमतेम निम्मी आहे.

मेकॅनिक : गळाली असेल.

गिऱ्हाईक : गळाली असती तर पार बसली असती. ही बेताने भरलीये, कुणा हलक्या माणसासाठी. दादासाठी तर नाहीच. दादा जिन्यात दोनदा बसतो आणि वर आला की जिना बांधणाऱ्याचा उद्धार करतो. मग घरात हलकं माणूस उरलं कोण?

मेकॅनिक : लोकांची वजनं मी सांगत नाही साहेब. धंद्याचा नियम आहे.

वहिनी : (दारातूनच, धापा टाकत) अहो, घात झाला. सायकल चोरीला गेली. खिळ्याला नुसती चादर लोंबतेय. पोलिसांत जाऊ तर सायकल कुणाची म्हणून सांगू, घरी बोलू तर... आणि तुम्ही असे डोळे काय मिचकावताय? काही गेलंय का डोळ्यात?

गिऱ्हाईक : ये वहिनी. बस.

वहिनी : अगंबाई. भाऊजी, तुम्ही इथे? तुम्ही तर फिरायला गेला होतात ना? मी आपली इथून चालले होते. भाजी आणायला.

गिऱ्हाईक : हेल्मेट घालून?

वहिनी : ऊन आहे.

मेकॅनिक : चहा आता मागवतोच.

गिऱ्हाईक : अगं, ही मित्राला विकायचा शब्द देऊन बसलोय मी, आज संध्याकाळी येतोय तो. पण मला सांगायचंस ना. मी काय नाही म्हणालो असतो?

वहिनी : नसतात म्हणाला. कुणीच नसतं म्हणालं. त्याचीच तर धास्ती होती.

गिऱ्हाईक : हे काय कोडं घालतेस?

वहिनी : कोडं कसलं. तुम्ही तिकडून रोज फोन करून कौतुक केलं असतं. तुमच्या दादाने मला दारात उभी करून फोटो काढला असता आणि झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवला असता. आत्याबाई म्हणाल्या असत्या, या वयात गुडघे सांभाळ. घरात माझं जे जे आहे ना भाऊजी, ते सगळ्यांचं आहे. माझा फोनसुद्धा कुणीही उचलतं. एवढं एकच मी कुणाला दाखवलं नव्हतं. टेकडीवर चढते, घटकाभर दम खाते, आणि मागच्या उतारावरून सायकल सोडते. खाली पोचेपर्यंत मी कुणाचीच कुणी नसते. फार बरं वाटतं मला.

मेकॅनिक : सोडतात म्हणजे अशी सोडतात साहेब, की एकदा खालून बघत होतो, मीच डोळे मिटून घेतले.

गिऱ्हाईक : मग तुम्ही तरी लक्ष द्यायचं. फोर्कचे सील वाळून कडक झालेत, ऑइल काळंकुट्ट. वेळेवर खोलून साफ केला असता तर नळी वाचली असती.

मेकॅनिक : सांगून सांगून जीभ झिजली माझी. ताई, एक रात्र ठेवा इथे, मी शॉकअप खोलतो. ऐकतील तर शपथ.

वहिनी : कशी ठेवणार? चादर सपाट दिसली असती. उशा लावून बघितल्या मी तिच्याखाली. भिंतीवर म्हैस टांगल्यासारखी दिसत होती.

गिऱ्हाईक : म्हणजे चालवलीस म्हणून नाही, लपवलीस म्हणून झिजली.

वहिनी : हो. तुमच्या एवढ्या हौसेच्या वस्तूची मी वाट लावली. मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालंय. मित्राला शब्द दिलाय ना, देऊन टाका त्याला. फक्त त्याला उद्या बोलवा. आज एकदा शेवटचं जाऊन येते.

मेकॅनिक : या शॉकअपवर नाही हं ताई. भर उतारावर अडकला तर तोंडावर पडाल. वरच्या दोन्ही नळ्या, त्यांना जोडणाऱ्या तुकड्यासकट, नव्या मागवायच्या, नळ्या ज्यांत सरकतात ते आतले बुश बदलायचे, तोवर सायकल इथून हलणार नाही.

गिऱ्हाईक : थांबा, दादाचा फोन. हां, बोल. चादर? मीच नेली सायकल. नाही रे, विकत नाही, मित्राला कळवतो तसं. फोर्क खराब झालाय. आता कसा म्हणजे, जायच्या आधी मीच दामटली होती वाटेल तशी. दुरुस्त करून इथे दुकानातच ठेवणार आहे. नाही, घरी नको, उगाच भिंत अडते. इथे दुकानवाले चालवतील अधूनमधून, म्हणजे जाम होणार नाही. वहिनी? नाही बाबा, इथे कुठली? भाजीला गेली असेल. ठेवतो.

वहिनी : भाऊजी...

गिऱ्हाईक : राहू दे. नव्या नळ्या बसल्या की ऑइल तेवढं वेळच्या वेळी बदलून घेत जा.

वहिनी : घेईन. आता घेता येईल.

गिऱ्हाईक : बरं, मी महिनाभर आहे इथे. कुठून तरी दुसरी सायकल मिळवतो. ही तयार झाली की पहिल्या दिवशी मी येऊ तुझ्याबरोबर?

वहिनी : नको.

गिऱ्हाईक : नको?

वहिनी : एकटीच जाते मी. आल्यावर तुम्हाला सांगेन.