जावयाला काळे फासले

आज हसाल, पण त्या दुपारी जर्मनीतल्या आखन शहराच्या बसथांब्यावर मला हसू आले नाही. माझा होणारा स्कॉटिश जावई इयन तिथे खांबाला दोरीने बांधलेला होता. तोंडाला काजळी, अंगभर काकवी आणि तिच्यावर चिकटलेली पिसे. भोवती त्याचेच मित्र डबे बडवत होते. लग्न आठवड्यावर आले होते.

माणसाला काळे फासून चव्हाट्यावर उभे करतात ते त्याचे पाप उघडे पडल्यावर, एवढेच मला ठाऊक. याने काय केले असेल? माझ्या मुलीचे आता काय होणार? भ्यालेला माणूस विचारीत नाही, निवाडा देतो. मनात त्रिसरण म्हणत मी प्रज्ञाला फोन लावला.

"बसथांब्यावर लगेच ये. काही विचारू नकोस."

"बाबा, नको! नको!" इयन ओरडला. मराठीतला हा एक शब्द त्याला पक्का येई.

"तिला तोंड दाखवायची आता लाज वाटते का?" मी म्हणालो. मित्रांनी एकमेकांकडे पाहत डबे खाली ठेवले. माझी भीती दुणावली.

प्रज्ञा सायकलवरून धापा टाकत आली आणि मित्रांनी तिला धरलेच.

"डांके, पापा!" त्यांतल्या एकाने दुसरी बादली उचलत जर्मनमध्ये माझे आभार मानले. "आमच्या स्कॉटलंडात लग्नाआधी दोघांनाही असे माखतात, म्हणजे भुतेखेते जवळ येत नाहीत. ही सकाळपासून सापडतच नव्हती."

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा प्रज्ञाचे फक्त डोळे ओळखू येत होते.

"बाबा," ती म्हणाली, "आता आईला तरी फोन करू नका."