पाचवा गठ्ठा

...फोटो नको म्हटलं ना — आणि ‘प्रेमाची शाळा’ असला काही मथळा देऊ नका. तीस वर्षं बातमीदारी केलीय मी, असल्या मथळ्यांना केराची टोपली दाखवलीय. सरळ लिहा : बायको भाषेची मास्तरीण, मेंदूचा झटका आला, शब्द गेले, नवरा तिच्याच कार्डांवरून तिला शिकवतो. संपलं. ही बघा कार्डं, तिचंच अक्षर, वर्गासाठी केलेली. पहिला गठ्ठा धातूंचा. ‘बोल’ दाखवलं की म्हणते — बोलणं, बोलका, अबोला — आणि ‘अबोला’ म्हणताना माझ्याकडे बघते. सवय, दुसरं काय! मग नाम-सर्वनाम, मग क्रियापद, मग विधान-अनुमान. तिच्यासमोर बोललेलं चालतं का? चालतं हो, लांब वाक्यं तिला कळत नाहीत. म्हणजे, मी तसं धरून चाललोय.

पाचवा? कुठला पाचवा? — हां, खोक्यावर ‘गठ्ठे पाच’ लिहिलंय. नजर तेज आहे तुमची, नोकरी टिकेल. पाचवा कारण-परिणामाचा. ‘उशीर झाला म्हणून गाडी चुकली’, तसली वाक्यं. तो ड्रॉवरमध्ये आहे. बोलणं शिकवणाऱ्या बाई दर आठवड्याला येतात, विचारतात, पुढे का सरकत नाही? मी सांगतो, तिला जमत नाही. करून बघितलं का? नाही. तीन महिने झाले.

त्याचं असं आहे — त्या सकाळी ती म्हणाली, उजवा हात बधिर झालाय, दवाखान्यात चला. मी लिहीत होतो. एका दवाखान्यानं रुग्णाला ताटकळत ठेवलं, त्याची बातमी — हसा, हसा. म्हटलं, नुसतं अनुमान नको, आधार सांग. जन्मभर हेच म्हणत आलो, मंत्र्यालाही आणि बायकोलाही. ती बसून राहिली. आत्ता बसलीय त्याच खुर्चीत. मी शेवटचा परिच्छेद केला, मग मथळा. चार तास गेले, मग दवाखाना. बातमी पहिल्या पानावर आली.

आता तिनं पहिलं ‘म्हणून’ कशाला जोडायचं, तुम्हीच सांगा. हे छापू नका. नाहीतर छापा — मला काही वाटत नाही, खरंच. जेवतो, झोपतो, कार्डं दाखवतो.

थांबा — ती काय दाखवतेय? पाणी हवं? पेला इकडे आहे गं. नाही, तिकडे नाही, तो ड्रॉवर नको — कधीपासून ऐकतेयस तू?

...निघा तुम्ही. दार ओढून घ्या.